आधी दगडाचा फोटो, मग आपला

आम्ही हिमायतनगर तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. आज आम्ही सहलीबद्दल बोलणार आहोत. सहल म्हटलं की फोटो आलेच. फोटोवरून इतिहासाकडं कसं वळलो, ते आता ऐका.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाच्या चौदा जणी हैदराबादला जाऊन आलो. रेल्वेनं आधी नांदेड आणि तिथून हैदराबाद. दोन दिवस पायाचे तुकडे पडेस्तोवर फिरलो. घरी आल्यावर पहिल्याच बैठकीत सगळ्यांचे मोबाइल सतरंजीवर मांडले. चारशेच्या वर फोटो निघाले. आमच्या गटातल्या थोरल्या आजी गुडघ्याच्या दुखण्यामुळं सहलीला आल्या नव्हत्या. त्यांना एकेक फोटो दाखवला. आजींनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "तुम्ही समद्या लई चांगल्या दिसायलाव गं. पण चारमिनार कुठंय?"

आम्ही हसलो, पण आजींचं खरं होतं. एका फोटोत मिनाराचा बुंधा होता, दुसऱ्यात कमानीचा तुकडा, तिसऱ्यात नुसती गर्दी. आजींनी पुढं विचारलं, "त्याला दारं किती हायेत?" कुणी चार म्हटलं, कुणी आठ. चौदा जणी त्या इमारतीखाली उभ्या राहून आलो होतो, पण एकीला खात्रीनं सांगता येईना.

त्याच बैठकीत आणखी एक फोटो निघाला. तो मोबाइलमधला नव्हता. तालुक्यातल्याच एका गावची आमची मैत्रीण तिच्या लग्नाचा अल्बम घेऊन आली होती. त्यात मारुतीच्या पाराजवळ वऱ्हाडी उभे आहेत, नवरा-नवरी मधोमध. डाव्या कोपऱ्यात, एका पाहुण्याच्या खांद्यामागं, एक उभा दगड दिसतो. त्यावर कोरलेला हात कोपरात वाकलेला आहे आणि मनगटात चुडा आहे. ती सतीशिळा होती. आमच्यातल्या दोघी-तिघी लहानपणी त्या दगडाला टेकून खेळल्या होत्या. पुढं देवळाचा जीर्णोद्धार झाला, नवी फरशी बसली, जुना पार फोडला आणि मलबा ट्रॅक्टरनं कुठंतरी नेऊन टाकला. दगड त्यातच गेला. आम्ही नाल्याच्या काठानं शोधलं, ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, जुन्या माणसांना विचारलं. सापडला नाही. आता त्या शिळेचा एवढाच पुरावा उरलाय: कोपर, चुडा, आणि पुढं पाहुण्याचा खांदा.

त्या दिवसापासून आम्ही फोटोकडं वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. पूर्वीच्या लोकांनी जुन्या इमारतींचे, मूर्तींचे फोटो कसे काढले, कशासाठी काढले, हे शोधायला लागलो. जे सापडलं ते सांगतो.

दोनदा जळलेला अजिंठा

फोटो काढायची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. थोड्याच वर्षांत ती हिंदुस्थानात पोचली. मुंबईत १८५४ साली फोटो काढणाऱ्यांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. पुढच्याच वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला.

तेव्हाचा फोटो आजच्यासारखा बोट लावून निघत नव्हता. काचेवर चिकट औषधाचा थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि फोटो घेतल्यावर लगेच अंधारात धुवायची. थर वाळला की काच वाया. म्हणून फोटो काढणारा माणूस काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या आणि अंधार करायला तंबू, असं सगळं बिऱ्हाड बरोबर घेऊन निघायचा. आपण शेतावर बी-खताची गाडी भरतो, तशी फोटोची गाडी भरावी लागायची. उन्हाळ्यात औषध वाळायचं, पावसाळ्यात उजेड नसायचा. एवढा कुटाणा करून काढलेला फोटो माणूस विचार करूनच काढणार. म्हणून त्या काळच्या फोटोत इमारत पायापासून कळसापर्यंत दिसते.

आपल्या मराठवाड्यात अजिंठ्याला रॉबर्ट गिल नावाचा लष्करातला इंग्रज १८४४ साली आला. लेण्यांतल्या रंगीत चित्रांची कापडावर हुबेहूब नक्कल करायची, हे काम त्याला कंपनी सरकारनं दिलं होतं. त्यानं आयुष्याची बरीच वर्षं तिथं घालवली. त्याची चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेस नावाच्या मोठ्या प्रदर्शनगृहात टांगली, आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागून बहुतेक सगळी जळाली.

मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याला येऊन पुन्हा नक्कल करू लागले. हे काम कित्येक हिवाळे चाललं. तीही चित्रं लंडनच्या संग्रहालयात पाठवली, आणि १८८५ साली तिथंही आग लागली. त्यातही पुष्कळ चित्रं गेली. इतक्या मेहनतीनं दोनदा केलेली नक्कल दोनदा जळाली.

मात्र गिलनं हातात ब्रश धरला होता, तसा कॅमेराही धरला होता. त्यानं अजिंठा-वेरूळचे फोटो काढले आणि १८६४ साली ते पुस्तकांतून प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या प्रती अनेक निघतात, अनेक घरी जातात. एक जळाली तर दुसरी राहते. म्हणून ते फोटो आजही पाहायला मिळतात. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आमच्यातल्या एकीचा मोबाइल आठवला. सहलीहून आल्यावर महिन्याभरात तो पाण्याच्या हौदात पडला. तिचे सगळे फोटो गेले, कारण ते दुसऱ्या कुणाकडं नव्हते. तिचा हौद आणि लंडनची आग, गोष्ट एकच. नोंद एका जागी ठेवली की ती कधी ना कधी जाते.

आपल्याच राज्यातला छायाचित्रकार

आपला नांदेड-लातूरचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद राज्यात होता. आपल्या वाढोण्याला हिमायतनगर हे नाव त्याच राजवटीतलं. हैदराबाद शहरातही हिमायतनगर नावाचा मोठा भाग आहे, सातव्या निझामाच्या थोरल्या मुलाच्या नावावरून पडलेला. तिथली पाटी पाहून आमच्यातली एक म्हणाली, "अगं, आपण तर गावातच आलाव की!"

या राज्याचा दरबारी छायाचित्रकार होता लाला दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुरकीला तो अभियांत्रिकी शिकला, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केली. इमारत कशी उभी राहते हे त्याला नोकरीतूनच ठाऊक होतं. हौस म्हणून हातात घेतलेला कॅमेरा पुढं त्याचा धंदा झाला. मध्य हिंदुस्थानातली देवळं, किल्ले, स्तूप त्यानं टिपले. नंतर तो हैदराबादला आला आणि सहाव्या निझामानं, मीर महबूब अली खान यांनी, त्याला दरबारात घेतलं. 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रं काढणारा.

त्या काळच्या हैदराबादचे महाल, दरवाजे, रस्ते आज आपल्याला दिसतात, ते मोठ्या प्रमाणात दीनदयाळच्या कामामुळं. जुना फोटो कसा वाचायचा, याचं एक सोपं उदाहरण चारमिनारचंच आहे. महंमद कुली कुतुबशहानं चारमिनार १५९१ साली बांधला. त्याच्या चार दिशांना चार मोठ्या कमानी आहेत. आजींच्या प्रश्नाचं उत्तर तेच, चार. त्या कमानींच्या वर घड्याळं आहेत, ती १८८९ साली बसवली. म्हणजे चारमिनारचा एखादा जुना फोटो हाती आला आणि त्यात घड्याळ नसलं, तर तो १८८९ च्या आधीचा. फोटोच्या मागं तारीख लिहिलेली नसली तरी इमारतच तारीख सांगते. पण त्यासाठी इमारत फोटोत पूर्ण यायला हवी.

दीनदयाळनं केलेलं आणखी एक काम आम्हाला फार जवळचं वाटलं. १८९२ साली त्यानं हैदराबादेत फक्त बायांसाठी फोटोचा जनाना स्टुडिओ काढला. त्या वेळी घरंदाज बाया पडद्यात असत, परपुरुषासमोर फोटोला बसणं शक्यच नव्हतं. म्हणून हा स्टुडिओ उंच भिंतींच्या आत होता आणि तिथं कारभार बाईच्याच हाती होता. तिचं नाव केनी-लेविक, ती इंग्रज होती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या राज्याच्या राजधानीत एक बाई बायांचे फोटो काढत होती, हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पण त्यातही एक भेद होता. बाई कॅमेऱ्यामागं होती, पण भिंतीच्या आत. भिंतीबाहेरचे किल्ले, देवळं, वेशी टिपायला पुरुषच जात. बाई कॅमेरा घेऊन रस्त्यावर यायला पुढं बराच काळ गेला. होमाई व्यारावाला १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. सात-बारावर बाईचं नाव चढायला किती खेटे घालावे लागतात, हे आपल्याला माहीत आहे. फोटोखालचं नावही तसंच. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी कधीच ओलांडली होती.

पुतळ्याला पाठही असते

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आम्ही दोन पुतळ्यांपाशी फार वेळ थांबलो. पहिली रिबेका. बेंझोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराची ही संगमरवरी मूर्ती निझामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८७६ साली आणली. बायबलमधली ही बाई होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहते आणि तोंडावर ओढणी घेते. ओढणी दगडाची आहे, तरी तिच्यातून नाक, ओठ, पापण्या दिसतात. आमच्यातली एक म्हणाली, "नऊवारीचा पदर वाऱ्यानं तोंडावर चिकटावा, तसं हाय हे."

दुसरा पुतळा लाकडाचा आहे. समोरून पाहिला तर ताठ उभा, तोऱ्यातला पुरुष. मागं आरसा ठेवलाय. त्या आरशात पाहिलं तर त्याच लाकडात पाठीला पाठ लावून मान खाली घातलेली तरुणी कोरलेली आहे. जर्मन नाटकातले हे सैतान आणि मार्गारेट. आम्ही सगळ्यांनी समोरूनच फोटो काढले होते. घरी येऊन पाहिलं तर बहुतेकींच्या मोबाइलमध्ये सैतान तेवढा आला होता. ती पोरगी एकीच्याच फोटोत सापडली, कारण तिनं आरशासकट फोटो काढला होता.

हुसेनसागर तलावाच्या बांधावर थोर माणसांचे पुतळे ओळीनं उभे आहेत. त्यात मोल्ला या कवयित्रीचा पुतळा आहे. कुंभाराघरची ही लेक, तिनं तेलुगूत रामायण लिहिलं. आम्ही तिचा फोटो नावाच्या पाटीसकट काढला. पाटी नसती तर घरी आल्यावर 'ही कोण बाई' म्हणून बसलो असतो. या बांधावरच्या अनेक पुतळ्यांची १० मार्च २०११ रोजी आंदोलनात मोडतोड झाली होती, नंतर ते पुन्हा उभे केले. तलावात मधोमध बुद्धाची अखंड दगडाची उंच मूर्ती आहे. ती १९९० साली तराफ्यावरून नेताना पाण्यात गेली, त्यात माणसंही दगावली. १९९२ च्या डिसेंबरात ती वर काढली. एवढा मोठा दगड दोन वर्षांहून जास्त काळ तळाशी होता. पुतळा दगडाचा असला म्हणून तो जागेवर राहीलच, असं धरून चालता येत नाही.

आपल्या शिवारातले दगड

हैदराबाद पाहून आलो आणि मग आपला जिल्हा नव्यानं दिसायला लागला. देगलूर तालुक्यात होट्टलला कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर आहे. मुखेडला, लातूर जिल्ह्यात निलंग्याला जुनी मंदिरं आहेत. त्या भिंतींवर सुरसुंदरी कोरलेल्या असतात. कुणी आरशात पाहतेय, कुणी पायातला काटा काढतेय. काटा काढणारी बाई तर आपल्या ओळखीचीच! लातूरकडं उदगीर आणि औशाचे किल्ले आहेत, खरोशाची लेणी आहेत. कंधारला किल्ला आहे आणि राष्ट्रकूटांच्या काळातल्या क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भलेमोठे तुकडे आहेत. ते पाहिले की अख्खी मूर्ती केवढी असेल, या विचारानंच मान वर जाते. ती अखंड असताना तिचा फोटो काढायला कुणी नव्हतं. आज आहे तेवढ्याचा तरी आपण काढू शकतो.

किल्ले आणि मोठी मंदिरं यांच्याकडं सरकारचं लक्ष असतं. हैदराबाद राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खातं सुरू झालं. गुलाम यझदानी हे त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांवर फोटोंसह मोठे ग्रंथ काढले. पुढं महाराष्ट्रानं १९६० साली प्राचीन स्मारकांचा स्वतःचा कायदा केला. पण गावकुसाबाहेरच्या वीरगळाची, पारावरच्या सतीशिळेची, विहिरीच्या भिंतीत बसवलेल्या गजलक्ष्मीची नोंद बहुतेक कुठंच नसते.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची आठवण. तो खालून वर वाचायचा. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, वर तो महादेवाची पूजा करतोय, आणि अगदी वर सूर्य-चंद्र. सूर्य-चंद्र असेपर्यंत ही आठवण राहो, असा त्याचा अर्थ. सतीशिळेवर चुडा भरलेला हात असतो. सतीची चाल वाईटच होती. तिचा उदो उदो करणं १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तसा कायदा हवाच. पण त्या दगडाचा फोटो काढणं म्हणजे त्या चालीला हात जोडणं नव्हे. गावच्या इतिहासात पुरुषांची नावं पोथीत, ताम्रपटात, सनदेत सापडतात. बाईचा मात्र कित्येक गावांत एवढाच एक दगड असतो, तोही बिनानावाचा. तो ट्रॅक्टरमध्ये गेला की तिच्यावर काय गुदरलं होतं, याची साक्षही गेली.

फोटोमुळं राम घरी आले

तुम्ही म्हणाल, फोटोनं दगड थोडाच वाचतो? एक खरी गोष्ट ऐका. तामिळनाडूत आनंदमंगलम नावाचं गाव आहे. तिथल्या विष्णूच्या देवळातून १९७८ साली राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती यांच्या जुन्या धातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. चाळीस वर्षं पत्ता नव्हता. पण चोरीच्या वीस वर्षं आधी, १९५८ साली, पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या लोकांनी त्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. पुढं इंग्लंडमध्ये विकल्या गेलेल्या मूर्तींशी ते फोटो ताडून पाहिले. जुळले. २०२० साली राम, लक्ष्मण, सीता परत आले. १९५८ साली फोटो काढणाऱ्याला पुढं काय होणार हे कुठं ठाऊक होतं? त्यानं समोर होतं ते नीट टिपलं, नाव-गाव लिहिलं आणि जपून ठेवलं, एवढंच.

आपल्या मराठवाड्यातही जालना जिल्ह्यात जांब समर्थच्या मंदिरातल्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या होत्या. काही आठवड्यांनी पोलिसांनी त्या शोधून काढल्या. सगळीच गावं इतकी नशीबवान नसतात. पोलिसांत तक्रार द्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, मूर्ती कशी होती? तेव्हा 'काळी होती, सुंदर होती' म्हणून भागत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही जुन्या मूर्तीची नोंदणी करताना फोटो जोडावा लागतो.

आता आमची रीत

आता आमच्या गटाची रीत ठरली आहे. सहलीला गेलो, जत्रेला गेलो की आधी दगडाचा फोटो, मग आपला. पहिला फोटो कुणीही मध्ये न येता, अख्ख्या इमारतीचा किंवा मूर्तीचा. मग समोरून, दोन्ही बाजूंनी आणि जमलं तर मागून. मूर्ती लहान असेल तर शेजारी काडेपेटी नाहीतर शाळेची पट्टी ठेवायची, म्हणजे आकार कळतो. कोरलेली अक्षरं टिपायला सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन चांगलं, दुपारच्या उन्हात अक्षर सपाट दिसतं. अक्षरं उठावीत म्हणून काहीजण पीठ, खडू, तेल चोळतात. तसं करू नये, दगड खराब होतो. अजिंठ्यासारख्या जागी फ्लॅश मारायचा नाही, रंगाला तो घातक आहे. गाभाऱ्यात आणि संग्रहालयात आधी विचारायचं.

मग त्याच दिवशी वहीत लिहायचं: गाव, जागा, तारीख, फोटो कुणी काढला, आणि त्या दगडाबद्दल गावातलं कोण काय सांगतं. एखादी आजी सांगते तीच खरी मोलाची गोष्ट असते, कारण दगड दुसऱ्या कुठं हलला तरी ती आजी पुन्हा भेटेलच असं नाही. फोटोच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जणींकडं ठेवायच्या, चांगले फोटो कागदावर छापून वहीला चिकटवायचे.

एक सावधगिरी मात्र हवी. उघड्यावर पडलेल्या मूर्तीचा फोटो जागेच्या नावासकट सगळ्या जगाला दिसेल असा स्टेटसला ठेवू नये. चोरही मोबाइल पाहतात. असा फोटो गटाच्या वहीत आणि ग्रामपंचायतीकडं ठेवावा. घराचा पाया खोदताना, शेत नांगरताना मूर्ती किंवा नाणी निघाली तर तहसीलला कळवावं. तसा कायदा १८७८ पासून आहे.

महाशिवरात्रीला आपल्या श्री परमेश्वराची जत्रा भरते, तेव्हा माहेरवाशिणी येतात. या वेळी प्रत्येकीनं माहेरच्या गावातल्या एका तरी जुन्या दगडाचा फोटो आणायचा, असं आम्ही ठरवलंय. मंदिर दुरुस्तीला निघालं असेल तर काम सुरू व्हायच्या आधीच. ग्रामसभेत बायांनी एवढंच म्हणायचं, "फरशी बसवा, रंग द्या, पण आधी जुने दगड मोजा आणि बाजूला नीट मांडून ठेवा."

आणि एक काम तुम्हाला आज रात्रीच करता येईल. ट्रंकेतून लग्नाचा अल्बम काढा. तुमचा, सासूबाईंचा, जावेचा. नवरा-नवरीकडं नंतर बघा, आधी त्यांच्या मागं काय दिसतंय ते बघा. वेस, पार, जुनी विहीर, देवळाची भिंत, कोपऱ्यातला एखादा दगड. तिथं आज काय आहे, ते सकाळी जाऊन पाहून या. आमच्या मैत्रिणीच्या फोटोत कोपर आणि चुडा आहे. त्याच पारापाशी दुसऱ्या कुणाचं लग्न लागलं असेल, तिच्या फोटोत कदाचित त्या हाताचा पंजाही असेल. आम्ही तो अल्बम शोधतो आहोत.